जुन्नर-आंबेगावचा बैलगाडा : घाट, गाव आणि कायदा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बैलगाडा शर्यत वाढली ती ग्रामदैवताच्या यात्रेच्या अंगाने. सुगी उरकली, रान मोकळे झाले की पौषापासून वैशाखापर्यंत गावोगावच्या यात्रा सुरू होतात. देवाचा अभिषेक, पालखी, कुस्त्यांचा आखाडा आणि तमाशा यांच्या जोडीला गाडे पळवण्याचा दिवस ठरलेला असतो. आंबेगाव तालुक्यातील नागापूरजवळच्या थापलिंग गडावर पौष पौर्णिमेला खंडोबाची यात्रा भरते. तिथे नवसाचा गाडा पळवण्याची चाल आहे. घरात मूल व्हावे, दुखणे बरे व्हावे, पीक हाती लागावे म्हणून खंडोबाला गाडा बोलला जातो आणि मागणे पुरे झाले की तो पळवून नवस फेडला जातो. भंडाऱ्याने पिवळे झालेले बैल आणि गाडामालक हे या यात्रेचे ठरलेले रूप आहे.

या भागातील शर्यतीची रीत महाराष्ट्रात इतरत्र दिसणाऱ्या रीतींहून वेगळी आहे. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे छकड्यावर हाकणारा बसतो आणि अनेक जोड्या एकाच वेळी सुटतात. विदर्भातील शंकरपटातही गाडीवर धुरकरी असतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यात गाड्यावर माणूस नसतो आणि एका वेळी एकच गाडा सुटतो. गाडा म्हणजे दोन चाकांचा अगदी हलका लाकडी सांगाडा. त्याला चार बैल जुंपतात. गाड्यालगतची जोडी जुकाटाची आणि तिच्यापुढची जोडी कांडाची. त्यांच्याही पुढे स्वारासह घोडी पळते. बैलांना घोडीमागे धावण्याची सवय लहानपणापासून लावलेली असते.

धावपट्टीला घाट म्हणतात. घाट सपाट नसतो, तो चढाचा बांधलेला असतो. गाडा आवरायला वर कोणी नसल्याने चढाचा मोठा उपयोग होतो. निशाण ओलांडले की चढामुळेच बैलांचा वेग उतरतो आणि पुढे उभी असलेली माणसे त्यांना धरतात. एका गाड्याच्या धावेला बारी म्हणतात. तळाशी जुंपणाऱ्यांनी चारही बैल धरून ठेवलेले असतात. बैल एका सरळ रेषेत आले की खूण होते, हात सुटतात आणि काही सेकंदांत बारी संपते. तेवढ्यासाठी वर्षभर राबावे लागते. बैलाला रोज फिरवणे, पोहायला नेणे, धुणे, दूध-पिठाचा खुराक देणे, खूर आणि खांदा तपासणे ही कामे घरातील सगळी माणसे वाटून घेतात.

निकाल घड्याळावर लागतो. किती सेकंदांच्या आत घाट ओलांडला यावर पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक ठरतो. त्यामुळे एकाच क्रमांकात अनेक गाडे बसतात आणि त्या क्रमांकाचे बक्षीस त्यांच्यात वाटले जाते. सर्वांत कमी वेळ नोंदवणारा गाडा घाटाचा राजा ठरतो. चारही बैल एकाच दावणीचे असतातच असे नाही. दोन-तीन मालक आपापले बैल एकत्र आणून जुगलबंदी करतात आणि निवेदक सर्वांची नावे एकत्र पुकारतो. एका बैलाचा मालकही अशा रीतीने मानाच्या बारीत उभा राहतो. घाट दुरुस्त करणे, वर्गणी जमवणे, गाड्यांचे क्रम लावणे आणि तंटे मिटवणे हे सारे यात्रा कमिटी करते. या खेळाची खरी संस्था तीच आहे.

शेतीतील बदलांनी या खेळाचा पाया हलवला. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे या धरणांमुळे दोन्ही तालुक्यांत बारमाही पाणी आले. ऊस, द्राक्ष, टोमॅटो वाढले, विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. मशागतीला ट्रॅक्टर आला आणि दावणीचे बैल कमी झाले. जातिवंत खिल्लार बैल सांभाळण्याचे एक मोठे कारण उरले ते शर्यतीचे. जुन्नर तालुक्यातील बेल्हे येथील सोमवारच्या बैलबाजारात पळाऊ खोंडाकडे गाडामालकांचे लक्ष असते ते म्हणूनच. बागायतीच्या पैशाने बक्षिसेही वाढली आणि मोटारसायकलीपासून ट्रॅक्टरपर्यंत गेली.

बक्षिसांबरोबर ईर्षा वाढली आणि बैलांना मारणे, टोचणे, शेपटी पिरगळणे असे प्रकारही घडू लागले. प्राणिप्रेमी संस्थांचा आक्षेप यालाच होता आणि तो गंभीर होता. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळासाठी प्रशिक्षण देण्यास व प्रदर्शन करण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही बंद ठरवल्या. घाट ओस पडले. गाडामालकांनी संघटना बांधल्या, मोर्चे काढले, न्यायालयात बाजू मांडली.

जल्लीकट्टूसाठी तमिळनाडूने २०१७ मध्ये कायदा बदलल्यानंतर महाराष्ट्र विधिमंडळानेही त्याच वर्षी दुरुस्ती मंजूर केली. तरीही मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे शर्यती थांबलेल्याच राहिल्या. बैलाच्या धावण्याच्या क्षमतेचा अभ्यास करण्यासाठी राज्य सरकारने समिती नेमली आणि तिचा अहवाल न्यायालयासमोर ठेवला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

आता शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि ५० हजार रुपयांची अनामत लागते. धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब नसावी, बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी व्हावी, काठी, चाबूक वा विजेचा धक्का वापरू नये, शर्यतीचे चित्रीकरण व्हावे, अशा अटी आहेत. क्रूरतेबद्दल पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

या अटी खेळाच्या मुळावर येणाऱ्या नाहीत. गाड्यावर माणूस नसणे, बैलाने घोडीमागे आपल्या सवयीने धावणे, हीच जुन्नर-आंबेगावची जुनी रीत आहे. पळत्या बैलाला काठीची गरज नसते, हे प्रत्येक जाणता गाडामालक सांगतो. खेळ बंद पडला तो त्या रीतीला सोडून झालेल्या वागण्याने, आणि परत आला तो नियम मान्य केल्यावर. ते नियम घाटावर रोजच्या रोज पाळून घेण्याचे काम न्यायालय करू शकत नाही. ती जबाबदारी यात्रा कमिटीची आहे आणि बैलगाड्याचे पुढचे आयुष्य त्या कामावरच अवलंबून आहे.