‘बेरीज = ०’ ही ओळ कुठे लिहायची?

आजचा भाग नुकतंच पायथन शिकायला घेतलेल्यांसाठी. विषय आहे लूपच्या आत लूप, आणि त्यात वापरणाऱ्याकडून घेतलेलं इनपुट. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या समजतात, एकत्र आल्या की गोंधळ होतो.

लूपमधलं लूप आपल्या जिल्ह्यावरूनच बघू. वर्धा जिल्ह्यात ८ तालुके आहेत. आर्वीची यादी घेतली की आर्वीतली सगळी गावं वाचायची, मगच आष्टी. तालुका हे बाहेरचं लूप, गाव हे आतलं. बाहेरचं एक पाऊल पडतं, तेवढ्यात आतला अख्खा फेरा होतो. बस, एवढंच.

आता प्रोग्रॅम घेऊ. हिंगणघाट ही कापसाची जुनी बाजारपेठ. समजा, दोन शेतकऱ्यांनी कापूस आणलाय. पहिल्याच्या तीन खेपा: १२, ९ आणि १० क्विंटल. दुसऱ्याच्या दोन: ८ आणि ११. कागदावर उत्तर आधीच काढून ठेवा: पहिला ३१, दुसरा १९. हे उत्तर हाताशी नसेल तर प्रोग्रॅम चुकतोय हे कळणार कसं?

प्रोग्रॅमचा सांगाडा असा:

प्रत्येक शेतकऱ्यासाठी:
– बेरीज = ०
– प्रत्येक खेपेसाठी: वजन विचारा, बेरजेत मिळवा
– खेपा संपल्या की बेरीज छापा

सगळी गंमत ‘बेरीज = ०’ या एका ओळीत आहे. ती बाहेरच्या लूपच्याही वर लिहिली, तर पहिल्याला ३१ बरोबर येतात, पण दुसऱ्याला ५० दाखवतो, कारण पहिल्याचा कापूस त्याच्या नावावर चढला. तीच ओळ आतल्या लूपमध्ये गेली, तर प्रत्येक खेपेला पाटी कोरी होते आणि शेवटची खेपच उरते: पहिल्याला १०, दुसऱ्याला ११. पायथनमध्ये कुठली ओळ कुठल्या लूपमध्ये आहे, हे डावीकडच्या मोकळ्या जागेवरून ठरतं. ओळ एक लूप आत गेली, आणि माणसाचे २१ क्विंटल गेले!

लक्षात घ्या, तिन्ही वेळा प्रोग्रॅम चालतो. लाल अक्षरात काही येत नाही. आणि छापील आकड्यावर लोक हाताने लिहिलेल्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतात. म्हणून बंद पडणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा हा गप्प राहणारा मला जास्त धोक्याचा वाटतो.

आता इनपुट. पायथन ३ मध्ये इनपुट फंक्शन नेहमी मजकूर देतं, आकडा नाही. तुम्ही बारा टाइप केलं तरी त्याच्या लेखी ती एक आणि दोन ही अक्षरं. दोन इनपुट थेट मिळवली, १२ आणि ९, तर २१ नाही, १२९ येतं. सगळ्यात जड खेप शोधायला गेलात, तर ९ हे १२ पेक्षा मोठं ठरतं, कारण मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते. म्हणून इनपुट आत येतानाच फ्लोटने आकड्यात बदला. इंट नको, कारण साडेबारा क्विंटल आले की इंट एरर देतं. आणि एक मजा: मराठी कळफलकावरून १२ लिहिलं तरी पायथनचे इंट आणि फ्लोट ते बरोबर वाचतात.

पण कोणी ‘१२ क्विंटल’ असं लिहिलं, तर एरर येणार. इथे बरेच जण ट्राय–एक्सेप्ट लावतात आणि एक्सेप्टमध्ये कंटिन्यू लिहून मोकळे होतात. एरर गेली, पण कंटिन्यूने आतलं लूप पुढच्या खेपेवर गेलं, चुकलेलं वजन परत विचारलंच नाही. तीनपैकी एक खेप हिशेबातून गायब! उपाय असा: वजन विचारण्यासाठी आत एक व्हाईल लूप ठेवा; नीट आकडा मिळेपर्यंत विचारत राहा, मिळाला की ब्रेक. घाबरू नका, ब्रेक फक्त त्या सगळ्यात आतल्या लूपमधून बाहेर काढतो, बाकीची दोन्ही चालूच राहतात.

मग चूक शोधायची कशी? माझी पद्धत साधी. दहा शेतकरी घेऊ नका, दोनच घ्या. खेपा सारख्या ठेवू नका, एकाला तीन, एकाला दोन. नाहीतर काही चुका लपतात. आतल्या लूपच्या शेवटी एक प्रिंट टाका: कितवा शेतकरी, कितवी खेप, वजन, बेरीज. वजनाचा टाइपसुद्धा छापा, कारण पडद्यावर मजकुरातलं बारा आणि आकड्यातलं बारा सारखंच दिसू शकतं. मग कागद शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा. जिथे पहिल्यांदा फरक पडतो, तिथेच थांबा. खालच्या ओळी त्या फरकामुळेच बिघडलेल्या असू शकतात.

करून बघायला एक काम देतो. यात बाजारातल्या सगळ्यांची मिळून बेरीज जोडा, उत्तर ५० यायला हवं. त्यासाठी दुसरी ‘= ०’ ओळ लागेल. ती कुठे लिहायची, ते आधी कागदावर ठरवा, मगच कळफलकाला हात लावा. भेटू पुढच्या भागात.