भरतीची वाट

टिळकवाडीत राहणाऱ्या मनुष्याने नौकाप्रवासावर बोलावे, याचे आपल्यापैकी पुष्कळांना हसू येईल. आमचे बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर. जवळची नदी म्हणावी तर मार्कंडेय, आणि उन्हाळ्यात तिच्यात होडीपेक्षा म्हशींचीच सोय अधिक. तथापि ज्या जलमार्गाविषयी मला आज बोलावयाचे आहे, त्याचे मूळ आमच्याच जिल्ह्यात आहे. खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे कृष्णेच्या भेटीला निघते. त्याच परिसरातला कळसा ओढा मात्र पश्चिमेकडे वळून म्हादईला मिळतो. एकाच सरीचे थोडे पाणी बंगालच्या उपसागरात आणि थोडे अरबी समुद्रात, असा हा निसर्गाचा वाटा. भीमगडाच्या रानातून येणारी ही म्हादई घाट उतरून गोव्यात शिरते, आणि खालच्या अंगाला लोक तिला मांडवी म्हणतात.

२०१६ च्या कायद्याने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले. त्यांत मांडवी, जुवारी आणि या दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा हे तिन्ही आहेत. कालवा म्हणण्याची रीत पडली आहे खरी, पण ती खाडीचीच एक नागमोडी वाट आहे. लांबी सुमारे १७ किलोमीटर. या तीन प्रवाहांनी आणि समुद्राने वेढल्यामुळे तिसवाडी हे खरोखरीच एक बेट आहे, हे पणजीच्या रस्त्यावरून मोटारीने जाणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

आम्ही तीन होड्यांतून सातजण हा मार्ग गेलो, ते पौषाच्या दिवसांत. निघण्यापूर्वी पहिला प्रश्न अंतराचा नव्हे, तिथीचा. कोकणातील जुने तांडेल तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीचा अदमासे तास सांगतात. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. भरती रोज साधारण पाऊण तासाने मागे सरते, यावर हा हिशेब बसलेला आहे. आता भरतीचे कोष्टक मोबाईलवर मिळते आणि ते अधिक अचूक असते. पण नदीच्या आतल्या भागात भरती समुद्रकाठापेक्षा उशिरा पोहोचते, एवढे विसरणाऱ्याला कोष्टकही वाचवू शकत नाही.

भरतीबरोबर जुन्या गोव्यापर्यंत जावे, तीच भरती धरून कालव्यात शिरावे, आणि ओहोटी लागली की जुवारीकडे बाहेर पडावे, अशी ही योजना. तिच्यात एक गंमत आहे. कालव्यात पाणी दोन्ही टोकांनी शिरते. त्यामुळे मध्ये कोठेतरी अशी जागा येते, की इतका वेळ पाठीशी असलेला प्रवाह एकाएकी छातीवर येतो. नवखा मनुष्य येथे उगाच वल्ही मारून दमतो. आमच्याबरोबरच्या वृद्ध नाविकाने होड्या काठाला लावल्या, शिदोरी सोडावयास सांगितली, आणि तासाभराने पाण्यानेच आम्हांला पुढे नेले.

या कालव्यात मगरी आहेत. हात पाण्यात टाकून बसण्याची हौस येथे आवरावी. फोंडे तालुक्यात दुर्भाट-बोरीच्या बाजूला पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. बांधावर आणि खाजणात राबणाऱ्यांनी शेजारणीशी केलेला तो एक करारच म्हणावयाचा. दुसरे भय बार्जांचे. पावसाळ्यात आग्वादपाशी मांडवीच्या मुखावर वाळूचा दांडा धरतो, तेव्हा खनिजाच्या बार्जी याच वाटेने मुरगावकडे जात. २०१२ च्या खाणबंदीनंतर ती वर्दळ ओसरली. पण बार्ज दिसली, की लहान होडीने वळणाच्या आतील अंगाला थांबावे आणि तिच्या लाटेला तोंड द्यावे, कूस देऊ नये. तिन्ही होड्या एकमेकींच्या हाकेच्या अंतरात ठेवाव्या, आणि जी सर्वांत मंद तिला पुढे घालावे.

या प्रवासात एकही जलपाश, म्हणजे लॉक, लागत नाही. जलपाश ही पाण्याची पायरी होय. दोन दारांमधली एक कोठी. तीत होडी घ्यावयाची, मागचे दार लावावयाचे, झडपेतून पाणी आत किंवा बाहेर सोडावयाचे, आणि पाणी पुढच्या पातळीला आले की पुढचे दार उघडावयाचे. मध्य इंग्लंडात पुतण्याकडे गेलो असता अशा अनेक पायऱ्या मी चढलो-उतरलो. तेथील अरुंद कालव्यांवर कोठी जेमतेम सात फूट रुंद असते आणि दारे प्रवाशांनी स्वतःच ढकलावयाची असतात. उतरताना दोर खांबाला पक्का बांधला, तर पाणी खाली जाते आणि होडी वर लोंबकळत राहते. म्हणून दोर एक वेढा देऊन हातातच धरावा आणि सोडीत जावे. मागच्या दाराखाली दगडी उंबरठा असतो. त्यावर होडीची पिछाडी अडकली तर ती क्षणात पालथी होते. आणि कोठी भरलेली दिसली तर समोरून कोणी येते आहे काय, हे पाहिल्यावाचून ती रिकामी करू नये. एका उतरंडीला पुष्कळ पाणी खर्ची पडते. तितक्याच पाण्यात समोरचाही चढून जाऊ शकतो. परक्या माणसासाठी पाच मिनिटे थांबण्याची ही रीत मला त्या देशातील पुष्कळ गोष्टींपेक्षा अधिक आवडली.

आपल्याकडे ही विद्या आली नव्हती असे नाही. आर्थर कॉटन याने गोदावरीवर धवळेश्वरम येथे बंधारा घातला तो १८५२ मध्ये पुरा झाला, आणि त्यासोबत कालवे व जलपाशही आले. पुढे वर्धा-नागपूरकडचा कापूस प्राणहिता आणि गोदावरी यांतून थेट समुद्रापर्यंत न्यावा, अशी मोठी योजना निघाली. अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ नंतर मँचेस्टरला कापसाची टंचाई होती, हे त्यामागील निकडीचे कारण. वाटेत खडकांचे तीन अडथळे होते. पैकी दुम्मुगुडेम येथे बंधारा, कालवा आणि जलपाश उभेही राहिले. परंतु १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली, आणि १८७१ मध्ये योजना सोडून देण्यात आली. सिरोंचाच्या घाटावरून वऱ्हाडी कापसाच्या नावा सुटताना पाहण्याचे आपल्या नशिबी नव्हते.

गोव्यात जलपाश नाहीत, कारण तेथे चढउताराचे काम भरतीच करते. पण त्याचे एक धाकटे भावंड तेथे जागोजागी भेटते, ते म्हणजे मानस. खाजणाच्या बांधात बसवलेले हे लाकडी दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. खारे पाणी हवे तेवढेच आत, पावसाचे बाहेर. त्यावर कोरगुट नावाचा खार सोसणारा भात आणि मानशीतील मासळी. सुमारे १८,००० हेक्टर जमीन या दारांच्या आणि बांधांच्या आधाराने खाडीपासून राखलेली आहे. होडीतून जाताना यांतील कित्येक बांध फुटलेले आणि शेतात कांदळवन माजलेले दिसले. काही बार्जांच्या लाटांनी ढासळले; काही नुसते सांभाळणारे हात गेले म्हणून.

आता एक अवघड गोष्ट. म्हादईच्या पाण्याचा तंटा आपणांस ठाऊक आहे. १४ ऑगस्ट २०१८ रोजी लवादाने कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ टीएमसी पाणी दिले, आणि तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. हुबळी-धारवाडच्या नळांना पाणी हवे, हे खोटे नाही. माझे आप्त तेथे घागरी भरून ठेवतात. परंतु मानशीपाशी होडी थांबवली, की ध्यानात येते की वरून येणारे गोडे पाणी नुसते समुद्रात वाया जात नाही. ते वाटेत खाऱ्या पाण्याला मागे रेटीत असते. ते घटले तर उन्हाळ्यात खार किती वर चढेल, हा प्रश्न आम्हां घाटावरच्यांनीही विचारावयास हवा. कणकुंबी पणजीपेक्षा आम्हांलाच जवळ आहे.

असो. ज्यांना जावयाचे असेल त्यांनी मार्गशीर्ष ते माघ हा काळ निवडावा, स्थानिक नाविक बरोबर घ्यावा, पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट घालावे, आणि पहिल्या खेपेस उधाणाचे दिवस, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे, टाळावे. गणेशोत्सवात सातव्या दिवशी कुंभारजुव्यास सांगोड असतो. दोन दोन होड्या जोडून त्यांवर सोंगे उभी करतात. त्या दिवशी मात्र आपली होडी तेथे नेऊ नये. काठावर जागा धरावी, आणि तीही लवकर.