घरून काम : मुभा आणि सक्ती

(वार्षिक समारंभात केलेले भाषण)



'यापुढे काम घरूनच करा' असा हुकूम आला, तर नोकरदाराला काय वाटते? मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा आम्हा शिक्षकांना याचा अनुभव आला. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असे शासनाचे धोरण होते. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिकाही सुरू झाली. परंतु किन्हीराजासारख्या आपल्या खेड्यांत पुष्कळ घरी एकच फोन, आणि तोही वडिलांबरोबर शेतात जाणारा! त्यामुळे मुलांचा अभ्यास मोबाईलवर यायचा तो रात्री. शिक्षकाला ना शाळेची घंटा, ना सुट्टीची. वर लोक म्हणत, 'मास्तर घरी बसून पगार घेतात.' जाण्यायेण्याची दगदग वाचली हे खरे. पण समोर मुले नाहीत, याची खंत मोठी होती. म्हणूनच 23 नोव्हेंबर 2020 पासून नववी ते बारावीचे वर्ग टप्प्याटप्प्याने उघडू लागले, तेव्हा हायसे वाटले.

मित्रहो, घरून काम ही काही नवी गोष्ट नव्हे. सोलापुरात हजारो स्त्रिया घरी बिड्या वळतात. पाने आणि तंबाखू घरी आणायची, हजाराच्या हिशेबाने बिड्या मोजून द्यायच्या. 1966 च्या बिडी कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले. परंतु घरच्यांनी मानले काय? चूल, पाणी, मुले सांभाळून उरलेल्या वेळात ती वळते, आणि तरीही 'घरीच तर असते' हे ऐकते.

हे आज सांगण्याचे कारण, आपल्या मुली शिकून नोकरीस लागत आहेत. 'घरून होईल तेवढीच नोकरी कर' असे काही पालक प्रेमापोटी म्हणतात. पालकहो, मुभा वेगळी आणि सक्ती वेगळी. तिने स्वतः घरून काम पसंत केले, तर ती सोय आहे. तिच्यावर ते लादले, तर शिक्षणाने उघडलेले दार आपणच बंद केले असे होईल.

आणि ती घरून काम करीत असेल, तर तिला एक कोपरा, एक टेबल द्या. कामाच्या वेळी पाहुण्यांच्या चहासाठी तिला उठवू नका. तो चहा भावाने करावा. तिच्या कामाचा मान राखणे, हेही शिक्षणच आहे.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.