‘घरी या’ म्हणतात, पण कुणाला?

(भूम, जि. धाराशिव येथे ऊसतोड करणाऱ्या स्त्रिया व कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळी झाली की भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. पाच-सहा महिने उसाच्या फडात काढायचे आणि पट्टा पडला की परत यायचं. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडाईची यात्रा भरते, तोवर गावं पुन्हा भरायला लागतात. या परत येण्याचं कुणी बोलावणं करत नाही, स्वागतही करत नाही. घर आपलं आहे म्हणून बाई परत येते, एवढंच.

आज एका लांबच्या बेटाची गोष्ट सांगणार आहे. बेटाचं नाव आयर्लंड. तिथल्या सरकारनं २०१३ साली अख्खं वर्ष एक सोहळा केला. आपल्या देशातून बाहेर गेलेले लोक, त्यांची मुलं, नातवंडं, पतवंडं, सगळ्यांना सांगितलं: यंदा घरी या. गावोगावी कुळांचे मेळावे भरले, जुन्या शाळासोबत्यांचे भरले. सगळे मिळून सुमारे ५,००० कार्यक्रम झाले. अडीच लाखांवर जादा पाहुणे आले असा हिशोब नंतर मांडला गेला. त्यावर टीकाही झाली. त्यांच्याच देशातून अमेरिकेत गेलेला गॅब्रिएल बर्न हा नट उघड म्हणाला, की हा पाहुण्यांच्या खिशाला हात घालण्याचा प्रकार आहे.

आपल्याकडेही असं बोलावणं असतं. २००३ पासून केंद्र सरकार प्रवासी भारतीय दिवस साजरा करतं. महाराष्ट्र सरकारनं २०२३ पासून विश्व मराठी संमेलनं भरवली, परदेशातल्या मराठी माणसांना बोलावलं. बोलावणं वाईट नाही. माणसांना आपलं गाव बघावंसं वाटतं, भाषा ऐकावीशी वाटते. पण बायांनी अशा प्रत्येक बोलावण्याला दोन प्रश्न विचारले पाहिजेत. जी गेली ती का गेली? आणि परत आली तर तिच्यासाठी घरात काय बदललेलं असेल?

आयर्लंडमधून माणसं का गेली? १८४५ पासून बटाट्याचं पीक लागोपाठ बुडालं. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. पुढंही जाणं थांबलं नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांतून आधी पुरुष गेले, बाया मागाहून गेल्या. आयर्लंडमधून मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तरुण मुली एकट्या, पुरुषांच्या बरोबरीनं गेल्या. शेत भावाच्या वाट्याला जायचं, हुंड्याला पैसा नसायचा, गावात काम नसायचं. अमेरिकेत परक्याच्या घरी धुणीभांडी करून त्या माघारी पैसे पाठवायच्या. त्या पैशावर घरं चालली.

काही जणींना तर गावानंच हाकललं. लग्नाआधी दिवस गेलेल्या, घरच्यांना नकोशा झालेल्या, अनाथ अशा मुलींना तिथं जोगिणींच्या ताब्यातल्या धुलाईघरांत कोंडलं जायचं. मॅग्डलीन धुलाईघरं म्हणतात त्यांना. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, सरकारी खात्यांचेही कपडे या बायांनी धुतले. मजुरी शून्य. १९२२ पासून सुमारे १०,००० बाया तिथं गेल्या, असं सरकारी चौकशीतच निघालं. शेवटचं धुलाईघर बंद झालं १९९६ साली. सुटून आलेल्या कित्येकींनी पुढं देशच सोडला. इंग्लंडला गेल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही.

आणखी एक जाणं होतं, गुपचूप, दोन-तीन दिवसांचं. १९८३ साली तिथल्या राज्यघटनेत आईच्या आणि गर्भाच्या जिवाचा हक्क सारखा, असं कलम घातलं. गर्भपात जवळजवळ अशक्य झाला. १९८० ते २०१६ या काळात आयर्लंडचा पत्ता देऊन इंग्लंडमध्ये गर्भपात करून घेतलेल्या बायांची नोंद १ लाख ७० हजारांवर आहे. जिच्याकडे पैसा आणि कागदपत्रं होती ती जहाजानं, विमानानं गेली. जिच्याकडे नव्हती, ती अडकली.

इथं ही गोष्ट आपल्या दाराशी येते. सविता हलप्पनवार आपल्या सीमाभागातल्या बेळगावची लेक. दातांची डॉक्टर, वय ३१. आयर्लंडमध्ये गॉलवे शहरात राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडायला लागला. तो वाचणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तिनं गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला. रक्तात जंतू पसरले आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे. त्याच्या त्रुटींवर आपण भांडतो ते बरोबरच आहे. पण तो नसला तर काय होतं, हे सविताच्या मरणानं दाखवलं.

दोनच महिन्यांनी, २०१३ उजाडताना, डब्लिनमध्ये रोषणाई झाली आणि जगाला ‘घरी या’ची हाक गेली. तिथल्या बायकांनी त्या वर्षी सरकारला गप्प बसू दिलं नाही. सविताच्या नावानं त्या रस्त्यावर आल्या. धुलाईघरांतून वाचलेल्यांनी वर्षानुवर्षं नेटानं पाठपुरावा केला होता. १९ फेब्रुवारी २०१३ रोजी पंतप्रधान एंडा केनी यांना संसदेत त्यांची माफी मागावी लागली. जुलैमध्ये आईचा जीव धोक्यात असेल तर गर्भपाताला मुभा देणारा कायदा झाला. तो तोकडा होता, म्हणून लढाई चालू राहिली.

खरी घरवापसी झाली ती पाच वर्षांनी. २५ मे २०१८ ला त्या कलमावर सार्वमत झालं. बाहेर गेलेल्यांना टपालानं मत देता येत नव्हतं. मग तरुण मुली विमानं, बोटी पकडून स्वतः आल्या, फक्त एका मतासाठी. सविताच्या वडिलांनीही बेळगावहून आवाहन केलं होतं. ६६ टक्क्यांहून जास्त मतांनी ते कलम गेलं. त्याच जून महिन्यात धुलाईघरांतल्या दोनशेवर बायांना, काहींना तर परदेशातून, डब्लिनला सन्मानानं बोलावलं. राष्ट्रपतींनी त्यांचं स्वागत केलं, रस्त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. या बोलावण्यामागं माफी होती, भरपाईची योजना होती. म्हणून त्याला किंमत होती.

आता आपल्या फडाकडे येऊ. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल नवऱ्याच्या हातात, हिशोब मुकादमाच्या वहीत, आणि वहीत बाईचं नाव नाही. मोळ्या ती बांधते, डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर ती चढते, पहाटे उठून भाकरी तीच थापते. पाळी असो, गरोदरपण असो, खाडा झाला की पैसे कापतात. त्या धुलाईघरातल्या बाईच्या आणि हिच्या हिशोबात फरक किती, तुम्हीच सांगा.

शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सहा जणींत एक. तिथं सविताला हवी ती शस्त्रक्रिया मिळाली नाही. इथं आपल्या बहिणीची गरज न तपासताच पिशवी काढली जाते. दोन्हीकडे बाईला विचारून, समजावून सांगून काही होत नाही.

आणि मत? २०२४ ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होणार होता. ज्या बायांना जावं लागतं, त्यांच्या मताचा विचार तारखा ठरवताना कोण करतं?

म्हणून आपण स्वागताच्या कमानी मागत नाही. आपलं मागणं साधं आहे. वहीत बाईचं नाव वेगळं लिहा आणि तिची मजुरी तिच्या हातात द्या. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगारांचं महामंडळ आहे, त्याचं ओळखपत्र नवऱ्याइतकंच बायकोलाही मिळालं पाहिजे. पट्टा पडल्यावर गावात परतणाऱ्या प्रत्येकीची सरकारी दवाखान्यात तपासणी झाली पाहिजे, आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय कुणाची पिशवी काढू नये. फडावर तिला रेशन मिळावं, पोरांची शाळा सुटू नये, मतदानाला भरपगारी सुट्टी आणि गावी यायला गाडी मिळावी.

या चैत्रात गाड्या परत येतील तेव्हा प्रत्येक गावच्या गटानं आलेल्या बायांची यादी करा. कोण गेली होती, किती उचल होती, किती फिटली, कुणाला काय दुखणं आहे, कुणाची पिशवी काढली, सगळं लिहा. ती यादी घेऊन आपण तहसील कचेरीवर जाऊ. कुणी बोलावलं नाही तरी जाऊ.