टेलिफोनातला तिसरा कान



आज पोलंडची हकीकत सांगायची आहे. पोलंड कुठं आणि लालबाग-परळ कुठं, असं कुणी म्हणेल. पण ती माणसंही आमच्यासारखीच भोंग्यावर दिवस काढलेली.

१९८० साली तिथल्या जहाज बांधणाऱ्या कामगारांनी संप करून स्वतःची युनियन उभारली. नाव सॉलिडॅरिटी, म्हणजे एकजूट. वर्षभरात सभासद एक कोटीच्या घरात! सरकार कामगारांच्या नावानं चालणारं, अन् तेच कामगारांना भ्यालं.

१३ डिसेंबर १९८१. मध्यरात्र उलटून रविवार लागला आणि जनरल यारुझेल्स्कीनं लष्करी कायदा पुकारला. टेलिफोन मुके झाले, रस्त्यावर रणगाडे आले. गुप्त पोलिसांच्या याद्या आधीच तयार होत्या. हजारो कार्यकर्ते बिछान्यातून उचलले, खटल्याशिवाय डांबले.

कातोवित्से शहरात वुयेक नावाची कोळशाची खाण होती. तिथल्या युनियनच्या अध्यक्षाचं दार त्या रात्री कुऱ्हाडीनं फोडून त्याला नेलं. आमचा माणूस परत द्या, म्हणून खाणकामगार संपावर बसले. १६ तारखेला रणगाड्यानं भिंत पाडली, पोलिसांनी गोळ्या घातल्या. ९ कामगार गेले. त्या पोलिसांना कोर्टानं शिक्षा दिली २००७ साली. पंचवीस वर्षांहून जास्त काळ विधवांनी न्यायाची वाट बघितली.

पण गोळी निदान दिसते तरी. गुप्त पोलिसांचं काम न दिसणारं. कामगारापुढं कागद सरकवायचा: सरकारविरुद्ध काही करणार नाही, कर सही. नाही केलीस तर नोकरी गेली. पुढं टेलिफोन सुरू झाले, तर आत आवाज यायचा, "संभाषणावर देखरेख आहे." चोरून ऐकणारे आम्ही पुष्कळ पाहिले, हे सांगून ऐकत होते! का? तर बोलणाऱ्यानंच आपली जीभ आवरावी. आणि खात्यातला खबऱ्या कोण? एकदा शेजारच्या साच्यावरच्या माणसाचा संशय आला की युनियन मोडायला पोलीस लागत नाहीत. आम्हाला ठाऊक आहे ते. संपाच्या दिवसांत चाळीत कुणाच्या अंगावर नवा सदरा दिसला, तरी कुजबूज व्हायची.

श्विद्निक गावानं यावर तोड काढली. फेब्रुवारी १९८२. साडेसातला टीव्हीवर सरकारी बातम्या लागल्या की लोक पोराबाळांसकट रस्त्यावर फिरायला निघायचे. कुणी टीव्ही खिडकीत ठेवायचा, तोंड रस्त्याकडं करून. घोषणा नाही, पत्रक नाही. कोण कोण बाहेर आलंय, हे ज्यानं त्यानं डोळ्यांनी बघून घेतलं. सरकारनं संचारबंदी अलीकडं आणून सातलाच लावली.

लोक पाचच्या बातम्यांना फिरायला निघाले.