उमेदवाराने काय घेऊन जावे?



वकिलीची सनद नुकतीच हाती आलेला तरुण ज्येष्ठ वकिलांच्या कचेरीत बसू लागतो. नवा डॉक्टर अनुभवी शल्यवैद्याच्या हाताखाली उभा राहतो. सातपूरच्या एखाद्या कारखान्यात नवा इंजिनिअर रुजू होतो. शिकण्याच्या या काळास आपल्याकडे ‘उमेदवारी’ असे नाव होते. निवडणुकांनी तो शब्द पळविला, याचे मला वाईट वाटते; त्यात उमेद होती. या उमेदवारांची एक तक्रार नेहमी कानी येते : ‘साहेब मोठे आहेत, पण शिकवीत काहीच नाहीत.’ तक्रार कधी खरीही असते. तथापि उमेदवार साहेबांकडे काय घेऊन जातो, हेही पाहावयास हवे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ सालचा, आपल्या निफाडचा. पुढे न्यायखात्याच्या नोकरीत काही काळ ते नाशकासही होते. परंतु त्यांचा खरा उमेदवार त्यांना लाभला तो पुण्यास. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन कॉलेजात शिकवीत असत आणि १८९० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले. सरकारी अहवालांची जाडजूड पुस्तके वाचावयाची, आकडे निवडावयाचे, अर्जाचा मसुदा करावयाचा आणि तो रानड्यांच्या नजरेखालून घालावयाचा, असा क्रम सुरू झाला. मसुदा समोर असला म्हणजे गुरूला बोट ठेवण्यास जागा मिळते. ‘मला काही सांगा’ असे नुसते म्हणणाऱ्यास थोर माणूसही थोर वाक्येच सांगणार!

१८९१ साली सोलापूर व विजापूर या भागांत मोठी टंचाई पडली. सभेने खपून एक अर्ज तयार केला व सरकारकडे पाठविला. उत्तर आले ते एका ओळीचे : मजकुराची नोंद घेतली आहे. गोखले निराश झाले. रानड्यांबरोबर चालत असता त्यांनी सरळ विचारले, की सरकारला एवढेच म्हणावयाचे असेल तर हे कष्ट कशासाठी? रानड्यांनी समजाविले, की हे अर्ज नावापुरते सरकारला लिहिलेले असतात. खरे पाहता ते लोकांसाठी आहेत, अशा प्रश्नांवर विचार कसा करावा हे त्यांना कळावे म्हणून. या देशात असले राजकारण अगदी नवे आहे. फळाची आशा न धरता ते पुष्कळ वर्षे करावे लागेल.

ही हकीकत पुढे गोखल्यांनीच सांगितली. मसुद्यावरील शंभर दुरुस्त्यांतून हे उत्तर मिळाले नसते. ते मिळाले, कारण शिष्याने आपली निराशा गुरूपाशी बोलून दाखविली. आपण ती बहुधा चहाच्या टपरीवर सोबत्यांपाशी बोलतो, आणि ज्याला उत्तर ठाऊक असते त्याच्या कानी ती जातच नाही.

एकच गुरू पुरे, असाही हट्ट गोखल्यांनी धरला नाही. आकड्यांच्या बाबतीत गणेश व्यंकटेश जोशी या जाणत्या शिक्षकाची मदत त्यांनी घेतली. १८९७ साली लंडनमध्ये वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाविषयी साक्ष देताना उलटतपासणीला गोखल्यांनाच तोंड द्यावे लागले. रानडे तेव्हा मुंबईस हायकोर्टात होते; न्यायासनावरील माणसाला त्या पिंजऱ्यात उभे राहणे शक्य नव्हते. उमेदवाराची गरज गुरूलाही असते, ती अशी.

मसुद्यांपासून त्या साक्षीपर्यंत सात वर्षे गेली. एखाद्या उमेदवारास दोन-तीन वर्षे केवळ फायली वाहण्यातच जात असतील, तर त्याने नमस्कार करून दुसरे दार पाहावे, असे मी निःसंकोच म्हणेन. त्यात कृतघ्नपणा नाही.

१९१५ साली आफ्रिकेहून परतलेल्या गांधींना गोखल्यांनी सांगितले, की एक वर्ष देश हिंडून पाहा, सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नका. १९ फेब्रुवारीस गोखले निवर्तले. गांधींनी ते वर्ष प्रवासात व पाहण्यातच घालविले.