कार्ड लिहिण्याआधी पुस्तक उघडा

(दहावी १९८६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू नोकरीत नेमकं काय केलंस, ते सगळ्यांना कळेल असं सांग." मी एका विद्यापीठाच्या संगणक विभागात होतो. पण त्या कामाचा पहिला धडा मला आपल्या शाळेच्या ग्रंथालयात मिळाला, आणि तोही शिक्षा म्हणून.

ग्रंथालयाच्या दाराशी छोट्या छोट्या खणांचं एक लाकडी कपाट होतं, आठवतं ना? प्रत्येक पुस्तकाची त्यात तीन कार्डं असायची. एक लेखकाचं, एक पुस्तकाच्या नावाचं आणि एक विषयाचं. आठवीत आम्ही चौघांनी मधल्या सुट्टीत दोन खणांतली कार्डं एकमेकांत मिसळून टाकली. बाकीचे तिघे इथेच बसले आहेत, नावं घेत नाही. ग्रंथपाल सरांनी आम्हाला मारलं नाही. चार शनिवार शाळा सुटल्यावर कार्डं लावायला बसवलं आणि फाटलेली नव्याने लिहायला लावली. अट एकच होती. पुस्तक उघडून अनुक्रमणिका पाहिल्याशिवाय विषयाचं कार्ड लिहायचं नाही.

पुढे विद्यापीठाची वेबसाइट माझ्याकडे आली. हजारो पानं आणि प्रत्येक विभागाची तऱ्हा वेगळी. बरीच मराठी परिपत्रकं स्कॅन करून टाकलेली, म्हणजे संगणकाच्या लेखी नुसती चित्रं. काही जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. आपल्याला त्यात मराठी दिसायचं, पण संगणकाला आत निरर्थक रोमन अक्षरं दिसायची. त्यामुळे 'परीक्षा शुल्क' असं शोधलं तरी हाती काही लागत नसे.

यावर उपाय होता तो मेटाडेटा टॅगचा. वेब पानाच्या माथ्याशी, वाचकाला न दिसणाऱ्या भागात, त्या पानाबद्दलची माहिती लिहिता येते. शीर्षक, विषय, तारीख, भाषा, कोणी तयार केलं वगैरे. अशा माहितीचे पंधरा ठरावीक रकाने आहेत, त्यांना डब्लिन कोअर म्हणतात. हे डब्लिन आयर्लंडमधलं नव्हे, तर अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं. तिथे १९९५ साली ग्रंथालयवाले आणि संगणकवाले एकत्र बसले, त्यातून हे काम सुरू झालं. मला ते पाहताक्षणी सरांचं कार्डच वाटलं.

आम्ही प्रत्येक पानाला टॅग लावायचं ठरवलं. रोज रात्री एक प्रोग्रॅम सगळी पानं फिरून टॅग वाचायचा आणि सकाळपर्यंत सूची तयार. विभागवार, विषयवार, तारखेप्रमाणे. कोणी हाताने काही लावायची गरज नाही. माझं खूप कौतुक झालं. मीही खूश होतो.

मग एका जुलैत एक मुलगी वडिलांना घेऊन आली. फी सवलतीच्या अर्जाची मुदत उलटून गेली होती. ती म्हणाली, "सर, मी रोज कॅफेत जाऊन बघत होते, सूचना नव्हती." सूचना होती. पण ती पडली होती 'जुनी परिपत्रके' या यादीत. कार्यालयात कोणीतरी मागच्या वर्षीचं पान कॉपी करून मजकूर बदलला होता आणि टॅग तसेच ठेवले होते. प्रोग्रॅमने जुनी तारीख वाचली आणि पान इमानेइतबारे जुन्यात टाकलं. वरिष्ठांचं उत्तर ठरलेलं होतं, सूचना वेबसाइटवर होती. ते खोटं नव्हतं. त्या मुलीची सवलत मात्र त्या वर्षी हुकली. तिचे वडील काही बोलले नाहीत. नुसते हात जोडून उठले. ते हात मला अजून दिसतात.

चूक कॉपी करणाऱ्याची, असं मी दोन दिवस स्वतःला सांगितलं. पण टॅग खरा आहे की नाही हे तपासायची सोय मीच केली नव्हती. पुस्तक न उघडता कार्ड लिहायची मुभा मी सगळ्या विद्यापीठाला दिली होती.

मग आम्ही बदल केले. तारीख आणि अंतिम मुदत भरल्याशिवाय पान चढायचं नाही. टॅगमधली तारीख मागच्या वर्षीची असेल तर प्रोग्रॅम थांबून विचारायचा. विषय मनाने लिहायचा नाही, यादीतूनच निवडायचा. नाहीतर एक जण 'शिष्यवृत्ती' लिहितो, दुसरा 'स्कॉलरशिप', आणि दोन पानं दोन टोकांना जातात. प्रत्येक पानाला जबाबदार माणसाचं नाव. आणि दर सोमवारी एक माणूस दहा पानं उघडून टॅगशी ताडून बघायचा. कंटाळवाणं काम, पण तेच खरं काम होतं.

बाहेरच्या जगातही हेच झालं. लोकांनी आपलं पान वर यावं म्हणून टॅगमध्ये वाटेल ते शब्द कोंबले. शेवटी २००९ मध्ये गूगलने जाहीर केलं की क्रम लावताना आपण कीवर्ड टॅग विचारात घेत नाही. खोट्या कार्डांवर कोण विश्वास ठेवणार?

सर, त्या चार शनिवारांबद्दल आभार मानायला मला चाळीस वर्षं लागली. माफ करा.

आणि मित्रांनो, एक विनंती. आपल्या ग्रुपवर जुने फोटो धडाधड येताहेत. कृपया प्रत्येकाखाली साल, जागा आणि डावीकडून उजवीकडे नावं लिहा. सहलीच्या फोटोत मागच्या रांगेत उभी असलेली दोन वेण्यांची मुलगी कोण, हे काल आम्हा सहा जणांपैकी एकालाही सांगता आलं नाही. इथे कोणाला माहीत असेल तर जेवणाच्या आधी मला गाठा.